पुडी, दंड, पावती आणि पुन्हा तोच पोरगा: गोव्यात 'ड्रग कोर्ट' चालेल का?

शापोराकाठ | रविवार, सकाळी ११:१०

म्हापसा आणि पेडण्याच्या कोर्टांत वकिली करतो. फौजदारी कामं जास्त, त्यात एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची, बरीच. पेपरात येतात त्या केसेस वेगळ्या, परदेशी नागरिक आणि लाखांचा माल असलेल्या. माझ्याकडे येतात ते शॅकमधले वेटर, भाड्याच्या स्कूटर देणारे, कॉलेज अर्धवट सोडलेले. खिशात गांजाची पुडी, वजन पन्नास-साठ ग्रॅम.

अशा केसचा शेवट कसा होतो ते सांगतो. पुकारा होतो. मॅजिस्ट्रेट विचारतात, गुन्हा कबूल आहे का. पोरगा माझ्याकडे बघतो, मी मान हलवतो, तो 'हो' म्हणतो. दंड होतो. बाहेर बाकावर बसलेली आई पदराला बांधलेल्या नोटा सोडते, कारकुनाकडे भरते, पावती घडी करून ब्लाऊजात ठेवते. सगळे सुटकेचा श्वास सोडतात, मीही. काही काळाने तोच पोरगा परत येतो आणि आता पुडीत गांजा नसतो, ब्राउन शुगर असते.

अमेरिकेत अशा आरोपींसाठी 'ड्रग कोर्ट' नावाचा प्रकार आहे. पहिलं १९८९ मध्ये फ्लोरिडातल्या मायामीत सुरू झालं. क्रॅक कोकेनची लाट होती, तुरुंग भरले होते आणि सुटलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत परत दारात उभा राहायचा. तिथल्या न्यायाधीशांनी नशेच्या केसेस वेगळ्या काढल्या आणि आरोपींना सांगितलं की तुरुंगाऐवजी उपचार घ्या, पण माझ्या नजरेखाली. तेव्हापासून साधारण साचा असा आहे: एकच न्यायाधीश, सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी हजेरी, कधीही लघवीची तपासणी, समुपदेशन, कामधंदा शोधणं. चुकला तर छोटी शिक्षा, नीट चालला तर पुढचा टप्पा. वर्ष-दीड वर्षाने पुरं केलं की खटला रद्द किंवा शिक्षा माफ. सरकारी वकील, बचावाचा वकील, प्रोबेशन अधिकारी आणि उपचार करणारे सुनावणीआधी एका टेबलाभोवती बसून प्रत्येकाचं काय चाललंय ते बोलतात. आज तिथे अशी तीन हजारांहून जास्त कोर्टं आहेत.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यातलं कलम ३९ म्हणतं की व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा 'कमी प्रमाणाच्या' (ठरवून दिलेल्या वजनापर्यंत माल सापडल्याच्या) गुन्ह्यात दोषी ठरला, तर न्यायालय लगेच शिक्षा न देता त्याच्या संमतीने, बंधपत्र घेऊन, सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला सोडू शकतं. वर्षाच्या आत अहवाल आणायचा. तो चांगला असेल तर ताकीद देऊन, पुन्हा असा गुन्हा करणार नाही म्हणून तीन वर्षांपर्यंतचं बंधपत्र घेऊन सोडायचं. कलम ६४अ तर दोषी ठरण्याचीही वाट बघत नाही. आरोपी व्यसनी आहे, स्वतःहून उपचार घेतो आणि पुरे करतो, तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. मध्येच सोडले तर ही सवलत काढून घेता येते.

मग ही कलमं धूळ का खातात? माझं उत्तर आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

मयेकर_म | रविवार, दुपारी १२:०२

वाचनखूण साठवली. कलम ६४अ आजच कळलं, आणि माझा चुलतभाऊ वकील आहे!

निवृत्त_खाकी | रविवार, दुपारी १:३५

वकीलबाब, लेख छान. आता दुसरी बाजू ऐका. नोकरीत असताना किनारपट्टीवर बरीच वर्षं काढली. छाप्यात पकडलेला प्रत्येक पेडलर पहिलं वाक्य एकच बोलतो: "सर, मी विकत नाही, स्वतःसाठी आहे." उद्या तुम्ही उपचाराचं दार उघडलंत की परवा सगळे व्यसनी. हुशार पेडलर तर कधीच कमी प्रमाणाच्या वर माल अंगावर ठेवत नाही. गांजाची मर्यादा एक किलो आहे हो! एक किलो गांजा म्हणजे काय ते पाहिलंय का कुणी? अख्खी पिशवी भरते. ती घेऊन फिरणाऱ्याला मी 'रुग्ण' म्हणू?

दुसरं. आमच्यावर आकडे दाखवायचं दडपण असतं. पंच शोधायचे, राजपत्रित अधिकारी बोलवायचा, इलेक्ट्रॉनिक काटा, लाखेचं सील, रासायनिक तपासणीला नमुना, चार्जशीट. पन्नास ग्रॅमसाठी अख्खी रात्र जाते आणि शेवटी दंडाची पावती. पुढे तुमचं 'उपचार' आलं तर त्या पोराला दर पंधरवड्याला आणणार कोण? आम्हीच ना?

हेही लिहितो, कुणाला आवडो न आवडो. कोलवाळच्या तुरुंगात गेलेला एकही पोरगा नशा विसरून आलेला मी पाहिला नाही. तिथे त्याला माल कुठून घ्यायचा त्याचे नवे फोन नंबर मिळतात.

शापोराकाठ | रविवार, संध्याकाळी ५:२०

काका, तुमच्या शेवटच्या परिच्छेदासाठीच धागा काढला.

पेडलर आणि व्यसनी यांच्यातली रेघ कायदा फक्त वजनाने ओढतो, त्रास तिथेच आहे. गांजाची कमी प्रमाणाची मर्यादा एक किलो, चरसची १०० ग्रॅम, पण हेरॉइनची फक्त ५ ग्रॅम, कोकेनची २ ग्रॅम, एमडीएमएची अर्धा ग्रॅम. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात ठरवलं की भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं. रस्त्यावरच्या ब्राउन शुगरमध्ये हेरॉइन किती आणि काय-काय कालवलेलं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन दिवसांचा साठा एकदम विकत घेणाऱ्या गर्दुल्ल्याकडे सहा ग्रॅम पावडर सापडली, तर ते 'कमी प्रमाण' राहत नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, केस विशेष न्यायालयात, आणि ३९ व ६४अ ही दोन्ही दारं बंद.

म्हणजे पिशवीभर गांजावाला उपचाराला पात्र, आणि ज्याला उपचार खरोखर हवेत तो नाही.

अवांतर: सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा एक निकाल गोव्यातल्याच केसचा आहे. चरसच्या दोन कांड्या सापडल्या, तपासणीला एकच पाठवली, तिचं वजन तेव्हाच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेखाली भरलं आणि शिक्षा सेवनाच्या कलमाखाली आली. आमच्या पिढीतल्या वकिलांना हा निकाल तोंडपाठ. माणूस व्यसनी आहे की नाही यावर डॉक्टरपेक्षा काटा जास्त बोलतो, तेव्हाही आणि आताही.

पांढरा_ॲप्रन | रविवार, रात्री ९:४८

मी व्यसनमुक्ती विभागात नर्स आहे. कुठे ते लिहीत नाही. दोन-तीन गोष्टी आमच्या बाजूच्या.

'उपचार' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पंधरा दिवस ॲडमिट असं चित्र येतं. ती फक्त टर्की, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, काढण्याची मुदत. पावडरवाल्याला, म्हणजे ब्राउन शुगर घेणाऱ्याला, हगवण, अंगदुखी, नाकातून पाणी, रात्रभर पाय झाडणं. तो मरत नाही, पण त्याला वाटतं मरतोय. दारूवाल्याला मात्र फिट येऊ शकते, भ्रम होतो, वेळेवर औषध नसेल तर जीवही जातो. हे दहा-बारा दिवस निघाले की नातेवाईक पेढे वाटतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते काम करायला माणसंच नाहीत. एम्सच्या २०१९ च्या देशव्यापी सर्वेक्षणात ड्रग्जवर अवलंबून असलेल्या वीसपैकी एकालाच काही तरी उपचार मिळाल्याचं निघालं. दारूच्या बाबतीत ३८ मध्ये एक. कोर्टाने उद्या शंभर जण पाठवले तर आम्ही त्यांना बसवायचं कुठे?

ब्राउन शुगरवाल्यांना ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी देतात. रोज समोर बसवून, विरघळेपर्यंत तोंड उघडायला लावून. कित्येक महिने, कधी वर्षं. घरचे येऊन भांडतात, 'एक नशा सोडवून दुसरी लावलीत'. उद्या न्यायाधीशही तेच म्हणाले तर?

आणि लघवीची तपासणी. टीव्हीवर दाखवतात तशी ती सोपी नाही. लोक शाम्पूच्या बाटलीत भावाची लघवी काखेत लपवून आणतात. म्हणून भांड्याला तापमानाची पट्टी लावावी लागते. ताज्या नमुन्यात ती साधारण ३२ ते ३८ अंश दाखवते. थंड पडलेला नमुना लगेच कळतो, पण काखेत गरम राखलेला सुटूही शकतो. आमच्याकडे एकाने हँड वॉर्मर बांधून आणला होता, पट्टी चाळीसच्या वर गेली. तो स्वतःच हसायला लागला. गांजा रोज ओढणाऱ्याचा नमुना सोडल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. हे ज्याला माहीत नाही त्याने 'खोटं बोलतोस' म्हणून आत टाकलं, तर पोरगा परत आमच्याकडे येणार नाही.

फोंडा_ते_जर्सी | सोमवार, सकाळी ६:१५ (तुमच्याकडची वेळ)

मूळचा फोंड्याचा, इथे न्यू जर्सीत कोर्टात दुभाषी आहे. हिंदी, गुजराती, क्वचित मराठी. इथे आता ड्रग कोर्ट म्हणत नाहीत, २०२२ पासून 'रिकव्हरी कोर्ट' म्हणतात. त्यातल्या बऱ्याच सुनावण्यांत बसलो आहे.

बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा हसू येतं. एक धिप्पाड माणूस उभा राहतो, न्यायाधीश फाइल मिटवून विचारतात, "मुलीचं दाताचं काय झालं?" तो सांगतो, डॉक्टरकडे नेलं, दात काढला. मग "काम?" गोदामात रात्रपाळी मिळाली. मग "गुरुवारची मीटिंग का चुकली?" बस चुकली. "मागच्या महिन्यातही बसच चुकली होती." सगळं कोर्ट हसतं, तोही. पण त्याला पुढच्या शनिवारी सार्वजनिक बागेत झाडू मारायला लागतो. नंतर ज्याने टप्पा पार केला त्याच्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात, न्यायाधीश खाली उतरून हात मिळवतात. माझ्या मते त्या न्यायाधीशाला दाताची गोष्ट लक्षात असते यात निम्मं औषध आहे. या लोकांचं नाव कुणी लक्षात ठेवलेलं नसतं हो.

आकडे हवे असतील तर: २३ ड्रग कोर्टांचा मोठा अभ्यास २०११ मध्ये आला. दीड वर्षाने विचारलं तेव्हा ड्रग कोर्टातल्या ५६ टक्के लोकांनी मधल्या काळात नशा केल्याचं सांगितलं. नेहमीच्या कोर्टातून गेलेल्यांत ७६ टक्के. तपासणीत पॉझिटिव्ह २९ विरुद्ध ४६ टक्के. चमत्कार नाही, पण फरक आहे. निम्म्याहून जास्त लोक घसरले तरी त्याला अपयश म्हणत नाहीत, कारण घसरणं धरूनच गणित मांडलेलं असतं.

वाईटही पाहिलं आहे. अनेक वर्षं कित्येक कोर्टांत मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याला सांगत, आधी गोळी बंद कर, मग आत ये. ॲप्रनताईंची भीती रास्त आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने अट घातली की अशी औषधं नाकारणाऱ्या कोर्टाला निधी नाही, तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं.

उलटतपासणी | सोमवार, सकाळी १०:३०

मी विरोधात आहे. सविस्तर लिहिते.

न्यायाधीश बाप झाला की मलाही छान वाटतं, पण हा बाप खिशात तुरुंगाची किल्ली घेऊन बसलेला आहे. 'संमती' कशाला म्हणायचं? एका हातात तुरुंग, दुसऱ्यात कागद, आणि सांगायचं सही कर. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी आधी गुन्हा कबूल करायचा, मग आत यायचं. दीड वर्षाने नापास झालात तर कबुली तुमच्या नावावर, आणि शिक्षा पहिल्याच दिवशी पत्करली असती तीपेक्षा जास्तही होऊ शकते. 'फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स'ने २०१७ मध्ये तीन राज्यांतल्या ड्रग कोर्टांवर अहवाल काढला. उपचार कुठला द्यायचा हे डॉक्टर नसलेले लोक ठरवत होते आणि ज्यांना उपचाराची गरज नाही अशांनी जागा अडवल्या होत्या.

दुसरा मुद्दा याहून मोठा. गांजा ओढणारे बहुतेक जण व्यसनी नसतात. आज दंड भरून सुटणारा पोरगा उद्या दीड वर्ष कोर्टाच्या दोरीला बांधला जाईल. दर पंधरा दिवसांनी मोरजीहून म्हापसा, शॅकची पाळी बुडवून. सीझनमध्ये कुठला मालक सोडील? नोकरी गेली की आपण म्हणणार, बघा, सुधारला नाही.

ज्यांच्या राजवटीत आपण साडेचारशे वर्षं काढली त्यांनी काय केलं ते बघा ना. पोर्तुगालने २००१ पासून साध्या सेवनाला आणि दहा दिवसांच्या वापराइतका साठा जवळ ठेवण्याला गुन्ह्यातून बाहेर काढलं. नशा बेकायदेशीरच राहिली, पण पकडलेला माणूस कोर्टात जात नाही, तीन जणांच्या समितीपुढे बसतो. समितीत कायदा, आरोग्य, समाजकार्य यातली माणसं. व्यसनी नसेल तर समज देऊन सोडतात, असेल तर उपचाराकडे वळवतात. गणवेश नाही, कठडा नाही. मला ते हवं.

निवृत्त_खाकी | सोमवार, सकाळी ११:०५

पोर्तुगालात हणजुणसारखा पार्ट्यांचा किनारा नाही, बाई.

उलटतपासणी | सोमवार, सकाळी ११:१९

काका, लिस्बनच्या काही वस्त्यांत नव्वदच्या दशकात भर रस्त्यात सुया टोचत होते. हणजुण त्यापुढे देवळातली जत्रा.

खाजनातला_खेकडा | सोमवार, दुपारी ३:४०

सगळे ड्रग्ज ड्रग्ज करताय. आमच्या वाड्यावर माणसं मेली ती हुर्राक-फेणीने, नंतर स्वस्त व्हिस्कीने. दारूचं कोर्ट कधी काढणार? की परवान्याचा पैसा येतो म्हणून गप्प?

बरं, इथे गोव्यातच एक गोष्ट होऊन गेली ती कुणी सांगत नाही. 'संगाथ' संस्थेने आरोग्य केंद्रांत, जास्त दारू पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला डॉक्टर न बसवता गावातलीच प्रशिक्षण दिलेली माणसं बसवली. मोजक्या भेटी. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ला छापून आलं: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर, न मिळालेल्यांत २६. ना कोर्ट, ना पट्टी लावलेलं भांडं. ॲप्रनताई म्हणतात माणसं नाहीत. माणसं वाड्यावर आहेत, शिकवायला घ्या.

संपादक | सोमवार, दुपारी ४:००

दारूबंदी आणि परवाना धोरणासाठी वेगळा धागा आहे, कृपया तिथे. संगाथचा मुद्दा विषयाला धरून आहे, चालू द्या.

सत्तरीची_आई | सोमवार, रात्री ११:२५

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते.

माझा मुलगा पाच वर्षं पावडरवर होता. आता आहे की नाही ते मी छातीठोक सांगत नाही, आज नाही एवढं सांगते. आधी भिंतीवरचा नंबर बघून एका खासगी केंद्रात टाकला. रात्री गाडी घेऊन चार माणसं आली, त्याला उचलून नेलं, मीच दार उघडून दिलं. पैसे महिन्याला आगाऊ. फोन करू देत नव्हते, 'पेशंट तुम्हाला भावनिक करील' म्हणायचे. तीन महिन्यांनी घरी आला तेव्हा पाठीवर वळ होते. औषध एकही दिलेलं नव्हतं. बाहेर पडल्या दिवशी संध्याकाळी गेला आणि पिऊन आला. कुणाकडे तक्रार करायची तेही माहीत नव्हतं.

उलटतपासणी ताई, तुमचं बरोबर असेल. पण मला न्यायाधीश हवा होता. मी सांगून ऐकत नव्हता, वडील मारत होते, पोलीस पकडून सोडत होते. त्याला 'पुढच्या सोमवारी परत ये आणि मला सांग' असं म्हणणारं, ज्याला तो भिईल आणि जो त्याला मारणार नाही, असं एक माणूस हवं होतं. ते कोर्टात बसतं की समितीत, मला काय करायचंय.

पांढरा_ॲप्रन | सोमवार, रात्री ११:५०

ताई, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली व्यसनमुक्ती केंद्राचीही नोंदणी लागते. मारणं, साखळीने बांधणं, घरच्यांशी संपर्क तोडणं हे सगळं कायद्याविरुद्ध आहे. नोंदणी नसलेलं केंद्र म्हणजे खोलीला कुलूप एवढंच. तुम्हाला तेव्हा हे कुणी सांगायला हवं होतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, अनिता आणि अनिल अवचट या डॉक्टर दांपत्याने काढलेलं, तिथे बायकांचा 'सहचरी' गट आहे, कारण घरचे नुसते पैसे भरणारे नसतात हे त्यांना आधीच उमगलं होतं.

शापोराकाठ | मंगळवार, सकाळी ८:५५

आता माझं उत्तर, काल द्यायचं राहिलं ते. धाग्यातले सगळे मुद्दे त्यातच येतात म्हणून जरा लांब.

अमेरिकेत ड्रग कोर्ट चालतं कारण आरोपीच्या डोक्यावर काही वर्षांच्या तुरुंगाची टांगती तलवार असते. दीड वर्षाची कटकट त्यापुढे परवडते. आपल्याकडे कमी गांजाला शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुधा दंडावर भागतं. आता माझ्यासमोर अशील बसलाय. मी त्याला सांगू शकतो, एक, आज कबूल कर, पैसे भर, संध्याकाळी शॅकवर जा. दोन, ६४अ चा अर्ज करू, तू व्यसनी आहेस असं डॉक्टरचं प्रमाणपत्र आणू, कित्येक महिने बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या फेऱ्या, दर तारखेला अहवाल, माझी फी वेगळी. तो कुठलं निवडील? मी वकील म्हणून कुठलं सुचवीन? त्याच्या हिताचं काय हे मला कळतं, पण त्याने मला हित बघायला नेमलेलं नाही, केस संपवायला नेमलंय.

उलट ज्याच्या डोक्यावर दहा वर्षं आहेत, तो सहा ग्रॅमवाला, तो दोन्ही हात जोडून उपचाराला उभा राहील. त्याला कायदा विचारत नाही. म्हणजे जिथे धाक आहे तिथे दार नाही, आणि दार आहे तिथे धाक नाही. कलमं धूळ खातात ती यामुळे. कुणाला माहीत नाहीत म्हणून नव्हे. मला माहीत आहेत आणि मीही वापरत नाही.

म्हणून गोव्यात वेगळं कोर्ट, वेगळी पाटी, उद्घाटन, मंत्र्यांचा हार, यातलं मला काही नको. उलटतपासणी ताईंशी गांजाबाबत पूर्ण सहमत: खिशातल्या पुडीसाठी कोर्टच नको, समज द्या, गरज असेल तर खेकडेबाबांच्या वाड्यावरच्या समुपदेशकाकडे पाठवा. पण मधल्या वजनाचा, स्वतःच्या नशेपुरता विकणारा, विशेष न्यायालयातला जो आरोपी आहे, त्याच्यासाठी ३९ चं दार रुंद करा. व्यसनी आहे की नाही हे डॉक्टर ठरवील, काटा नाही. त्यासाठी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागेल, गोवा विधानसभेच्या हातात ते नाही. आणि काका, त्याला आणायला पोलीस नको. प्रोबेशन अधिकाऱ्याची तरतूद १९५८ च्या कायद्यापासून आहे, ती माणसं भरा.

निवृत्त_खाकी | मंगळवार, सकाळी ९:३०

मधल्या वजनाला उपचार म्हणजे तुम्ही पेडलरलाच दार उघडताय. माझा विरोध नोंदवा. स्वतःपुरता विकणारा म्हणजे विकणाराच. त्याने ज्या पहिल्या पोराला पुडी दिली त्याच्या आईला विचारा.

सत्तरीची_आई | मंगळवार, सकाळी १०:१०

माझा मुलगा शेवटी विकतही होता, काका. आणि त्याला पहिली पुडी देणाराही असाच कुणीतरी पिणारा होता. दोघांच्या आया एकाच बाजारात भाजी घेतात.

होंडा_नाका | मंगळवार, दुपारी २:०५

एक बाजू राहिली. कामगार. आमच्या इथे भाड्याच्या खोल्यांत ओडिशा, झारखंड, उत्तर कर्नाटकातले लोक. पकडले तर जामीनदार नाही, भाषा नाही, गावी कळवायचीही लाज. जामीन मंजूर होऊनही आत राहतात, कारण गोव्यातला जामीनदार मिळत नाही. अशांना तुमचं पंधरवड्याचं कोर्ट काय घेणार? 'स्थानिक पत्ता आहे का' या पहिल्याच प्रश्नावर बाद.

फोंडा_ते_जर्सी | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

होंडाशी सहमत. इथेही तीच तक्रार आहे: घर, गाडी, नोकरी असलेला निवडला जातो, तो पास होतो, मग कोर्टाचे आकडे चांगले दिसतात. कुणाला आत घेतलं नाही याचा हिशेब कुठल्याच जाहिरातीत नसतो.

मयेकर_म | बुधवार, सकाळी ९:१५

चर्चा जोरात आहे, पण मला प्रत्यक्ष मदत हवी. भाच्याची पुढच्या आठवड्यात तारीख. गांजा आणि थोडी ब्राउन शुगर, दोन्ही कमी प्रमाणातच आहे असं वकील म्हणतात. त्याला नशा सोडायची आहे, खरंच. ६४अ साठी काय करायचं?

शापोराकाठ | बुधवार, सकाळी ९:४०

सगळ्यात आधी: गुन्हा कबूल करू नका. कबुलीनंतर ६४अ हातातून गेलंच म्हणून समजा, मग ३९ च उरतं. त्याला आजच सरकारी ठिकाणी दाखवा. बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे तेच सरकारी मनोरुग्णालय, सगळ्यांना माहीत आहे. ओपीडीचा केसपेपर, व्यसन असल्याचं निदान लिहिलेलं प्रमाणपत्र आणि उपचाराचा आराखडा, तिन्हींच्या प्रती घ्या. खासगी केंद्रात टाकणार असाल तर सरकारची मान्यता आहे का ते कागदावर बघा, तोंडी विश्वास ठेवू नका. तारखेला वकिलाकडून लेखी अर्ज द्या, की आरोपी व्यसनी आहे, स्वतःहून उपचार घेतोय, पूर्ण करायला वेळ द्यावा. पुढच्या प्रत्येक तारखेला हजेरीचा अहवाल जोडा. तारीख चुकवू नका, वॉरंट निघालं की सगळं मुसळ केरात. आणि रासायनिक तपासणीचा रिपोर्ट आला असेल तर पावडरचं वजन स्वतः वाचा. पाच ग्रॅमच्या वर एक कण असेल तर मला वैयक्तिक संदेश करा.

पांढरा_ॲप्रन | बुधवार, सकाळी १०:०२

सकाळी लवकर आणा, नंतर रांग वाढते. तो सध्या काय घेतोय, शेवटचं कधी घेतलं, सुई वापरतो का, हे खरं सांगायला सांगा, आम्ही ते पोलिसांना कळवायला बसलेलो नाही. जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या असतील तर घेऊन या. आईने सोबत यावं, पण बोलू त्यालाच द्यावं.

निवृत्त_खाकी | बुधवार, सकाळी १०:३०

पंचनाम्याची प्रत मागून घ्या, मयेकर. वजन पिशवीसकट केलंय की पिशवी काढून, ते त्यात लिहिलेलं असतं. काही वेळा लिहिलेलं नसतं. वकिलाला दाखवा.

मयेकर_म | बुधवार, सकाळी १०:४४

पंचनामा काढला. पिशवीसकट आहे. वकीलबाब, संदेश केलाय.